सरकत्या झाकणाच्या पेटीसाठी टेबल सॉवर खाच: ब्लेड कोणतं आणि स्प्लिटर काढल्यावर काय करायचं?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. वाईनच्या एका बाटलीची भेटपेटी करायची आहे, वरचं झाकण सरकतं. लाकूड पाइनचं, नाशिकच्या अंबडला पॅकिंगच्या खोक्यांचं मिळतं ते, रंधून 12 मिमी केलंय. बाजू 350 लांब, 100 रुंद. झाकण 4 मिमी प्लायचं, खाच वरच्या कडेपासून 6 मिमीवर. मशीन म्हणजे टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून गोल ब्लेड वर येतं ती करवत), 10 इंची, 2 एचपी, ब्लेड 60 दाती, कापाची रुंदी 3.2 मिमी.

अडचण अशी. खाचेचा तळ सपाट येत नाही, दोन्ही कडांना खोल रेघ आणि मधे उंचवटा. लाकूड काळंही पडतं. दुसरं, माझ्या मशीनचा गार्ड (ब्लेडवरचं झाकण) आणि स्प्लिटर (ब्लेडमागचं, काप मिटू न देणारं पातं) एकाच दांड्यावर आहेत. आरपार न जाणारा काप घेताना फळी स्प्लिटरला अडते, म्हणजे तो काढावाच लागतो. मग सुरक्षित काम कसं करायचं? डॅडो ब्लेडचा संच (रुंद खाचेसाठी एकत्र लावायची ब्लेड) मागवू का? एका मिस्त्रींनी 4 इंची ग्राइंडर प्लायखाली उलटा बसवून खाच मारायला सांगितलंय, तेही विचारायचं होतं.

पटाशी:
ग्राइंडरचं आधी सांगतो, कारण ते करूच नका. त्याचे फेरे मिनिटाला 11000 च्या आसपास, बहुतेकांचा स्विच सरकवला की चालूच राहतो, आणि उलटा बसवताना गार्ड निघतो. दातांचं ब्लेड लाकडात अडकलं की फळी तरी उडते, नाहीतर अख्खा ग्राइंडर प्लायसकट उचलला जातो. बंद करायला हात खाली न्यावा लागतो, तोही फिरत्या ब्लेडच्या शेजारून.

डॅडोची इथे गरज नाही. त्या संचात बाहेरची दोन ब्लेड एकत्र लावली तरी कमीत कमी 6.35 मिमीची खाच पडते, तुम्हाला हवी चार-सव्वाचार. शिवाय त्याला लांब शाफ्ट लागतो. नटाचे आटे पूर्ण पकडत नसतील तर असा संच लावणंच चूक.

तळाच्या रेघांचं कारण दातांचा आकार. 60 दाती ब्लेडचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे तिरके घासलेले असतात, त्यांची टोकं कडेला खोल जातात आणि मधला भाग वर राहतो. 24 दाती, सपाट दातांचं, उभ्या चिरणीचं ब्लेड घ्या. तळ सपाट येईल आणि काळं पडणंही थांबेल. 60 दातांमधल्या फटी लहान असतात, लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरताना भुसा बाहेर पडत नाही, तिथेच घासून तापतो. त्यात पाइनची राळ दातांना चिकटते. जुनं ब्लेड काढून भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, टूथब्रशने घासा, लगेच पुसून कोरडं करा. बऱ्याचदा धार गेलेली नसते, नुसती राळ असते.

ब्लेड बदलताना आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. टेबल सॉचा नट सहसा ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सुटतो. फ्लॅंजवरचा (ब्लेड दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या चकतीवरचा) भुसा पुसा. तिथे कण राहिला की ब्लेड हलतं आणि खाच रुंद येते. ब्लेडवर छापलेले जास्तीत जास्त फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना, तेही बघा. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनचं गणित सोपं आहे: मोटर 2880 फेरे, मोटरवर 4 इंची पुली आणि शाफ्टवर अडीच इंची, तर शाफ्ट 4608 ने फिरतो. 10 इंची ब्लेडच्या कडेचा वेग मग ताशी 220 किमीच्या आसपास जातो.

सागाची_नस:
पटाशी दादांनी ब्लेडचं सांगितलं, मी मापाचं सांगते. 4 मिमी प्लाय चार नसतो, व्हर्नियरने मोजा, बहुधा 3.6 ते 3.8 निघेल. खाच 4.2 धरा. पावसाळ्याचा फरक प्लायच्या झाकणाला फारसा पडत नाही, पण दोन हात पॉलिशचा पडतो. खोली जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे 4 मिमी.

फेन्स (फळी जिला टेकवून चालवतो ती ब्लेडशेजारची सरळ पट्टी) प्रत्येक वेळी 1 मिमी सरकवत बसू नका, अंदाज चुकतोच. फेन्स अशी लावा की तिच्याकडच्या दातापर्यंत बरोबर 7 मिमी अंतर येईल. मग 1 मिमी मायक्याची पट्टी डबल टेपने फेन्सला चिकटवा (मायका 0.8 चाही येतो, मोजून घ्या). फळीची आतली बाजू खाली, वरची कड फेन्सकडे. या पट्टीला टेकवून सगळ्या फळ्यांचा पहिला काप घ्या, तो कडेपासून 6 मिमीवर सुरू होतो. पट्टी काढा, सगळ्या फळ्या पुन्हा चालवा. खाच आपोआप 4.2. आधी रद्दी तुकड्यावर करून झाकण सरकवून बघा.

मापं धरून कापलेल्या 350 च्या फळ्यांवर खाच मारण्यापेक्षा 750 मिमीच्या एकाच फळीवर मारा, मग तिच्या दोन बाजू कापा. लांब फळी फेन्सला नीट टेकून चालते. मागची फळी दोन्ही बाजूंच्या टोकांवरून घ्या आणि तिला खाच देऊच नका, झाकण तिला नुसतं येऊन टेकेल. म्हणजे मागून चौकोनी भोक दिसत नाही आणि लहान तुकडा ब्लेडवर चालवायचा प्रश्नच येत नाही. पुढची फळी वरून 10.2 मिमी कमी, झाकण तिच्यावरून बाहेर येतं. आतली रुंदी 95 असेल तर झाकण 102: दोन खाचांचे 8 धरायचे, 1 मिमी मोकळा सोडायचा.

भुसा_आणि_धार:
मापं चोख आहेत. पण विचारलं होतं ते स्प्लिटरचं, आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही.

खाच मारताना ब्लेड लाकडाखाली लपलेलं असतं, म्हणून काम निर्धोक वाटतं. 4 मिमी उंचीला 10 इंची ब्लेड टेबलाच्या वर जवळपास 63 मिमी लांबीत असतं. फळीची शेपटी पुढे गेली की हे सगळं एकदम उघडं पडतं, आणि ढकलणारा हात नेमका तिथेच पोचलेला असतो. बोटं जातात ती इथे. दुसरा धोका फळी उचलण्याचा. ब्लेडचे मागचे दात वर येत असतात. फळी टेबलावरून उचलली किंवा फेन्सपासून फिरली की ते तिला पकडून तुमच्या दिशेने फेकतात.

तुमच्या मशीनला स्प्लिटर काढावाच लागेल. रायव्हिंग नाइफ (ब्लेडबरोबर वर-खाली होणारं तसंच पातं) असती तर ब्लेडच्या टोकापेक्षा 2 मिमी खाली ठेवून भागलं असतं. स्प्लिटरच्या जागी फेन्सवर पूल बांधा: 40 मिमी जाड, 350 लांब सरळ फळी फेन्सला क्लॅम्प करा, ब्लेडवरून 60 मिमी पुढे आलेली, टेबलापासून 13 मिमी उंच, ब्लेडच्या मागे-पुढे 140-140 मिमी. 12 ची फळी खालून मोकळी जाते, पण उचलू शकत नाही आणि बोट आत जात नाही. ढकलायला 10 मिमी प्लायची लांब पट्टी, तिला मागे टाच, म्हणजे तीही पुलाखालून जाईल. मायक्याची पट्टी फेन्सवर पुलाच्या खाली येईल, ती काढायला पूल सोडावा लागत नाही, नुसती मागून ओढायची. एवढ्यासाठी तिला मागे चार बोटं लांब ठेवा आणि टेप फक्त पुढच्या टोकाला लावा.

फेदर बोर्ड (फळी दाबून धरणारी, लवचिक दातांची पट्टी) लावलात तर ब्लेडच्या आधी. फळी टेबलावर डुलत असेल तर चालवू नका, आधी रंधा. उभं राहायचं ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे. हातमोजे ब्लेड उचलताना हवेत, मशीन चालू असताना नकोत.

गंगापूररोडकर:
पूल आजच करतो. एक शंका: खाच पुढच्या टोकाच्या आधीच थांबवायची असेल, तर फळी वरून ब्लेडवर टेकवली तर?

भुसा_आणि_धार:
नाही. चालू ब्लेडवर लाकूड उतरवलं की पहिला स्पर्श मागच्या दातांना होऊ शकतो, मग ते तुमच्याकडेच येतं. थांबती खाच राउटरने (फिरत्या बिटने खाच पाडणारं हातयंत्र), 4 मिमी बिट, 2-2 मिमीचे दोन थर. तुमच्या पेटीला तिची गरज नाही, खाच पुढे उघडीच हवी.

सागाची_नस:
अजून दोन गोष्टी. बाजू मापात कापायच्या आधी गार्ड आणि स्प्लिटर परत बसवा. माइटर गेजने (टेबलाच्या खोबणीत सरकणारा, फळी आडवी धरणारा आधार) कापताना फेन्सला टोक टेकवू नका, सुटलेला तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये अडकून उडतो. आडव्या खाचेला, जिथे काही सुटून पडत नाही, तिथे फेन्सला टेकवलेलं चालतं. बरेच जण ही दोन कामं एकच समजतात.

आणि खोक्याचं लाकूड मशीनवर घ्यायच्या आधी चुंबक फिरवा. तुटलेला खिळा लाकडात बुडालेला असतो, दिसत नाही, आणि कार्बाइडचा दात तिथेच उडतो. निर्यातीच्या खोक्यावर शिक्का असतो, त्यात एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. पेटीत बेदाणे वगैरे भरणार असाल तर एमबीचं लाकूड बाजूला ठेवा.

पटाशी:
पुलाची पहिली चाचणी मशीन बंद ठेवून, प्लग काढून घ्या. फळी पुढून मागे पूर्ण सरकवा आणि ती पुलाबाहेर पडेपर्यंत हात कुठवर जातो ते बघा. हात पुलाच्या तोंडाशी पोचत असेल तर ढकलपट्टी 100 मिमीने लांब करा.