शब्दचर्चा: ‘भावनिक स्मृती’ आणि ‘भावनेची आठवण’

प्रश्न: मेंदूविज्ञानावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘स्मृती’ आणि ‘आठवण’ आलटूनपालटून वापरले तर चालेल का? ‘भावनिक स्मृती’ म्हणजे भावनेने भरलेली आठवणच ना?

उत्तर: नाही चालणार, आणि या विषयात तर मुळीच नाही. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका रुग्ण बाईंबद्दल लिहिलं. नवं काही त्यांच्या ध्यानात राहत नसे. क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. टोचल्याचं त्या लवकरच विसरल्या, पण पुन्हा हात पुढे येताच त्यांनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना नीट सांगता येईना. म्हणजे टाचणीची आठवण नव्हती, स्मृती होती. शब्दांची अदलाबदल करून बघा, वाक्य कोसळतं. ‘आठवण’ म्हटलं की ती ‘येते’ आणि आल्याचं आपल्याला कळतं. ‘स्मृती’ला हे बंधन नाही. संस्कृत तर्कशास्त्रात तिची व्याख्या ‘केवळ संस्कारातून (म्हणजे अनुभवाने मनावर उमटलेल्या ठशातून) उपजणारं ज्ञान’ अशी आहे. तिथे तीही जाणिवेतलीच होती. आजच्या मराठी शास्त्रीय लेखनात मात्र ती जाणिवेपलीकडच्या साठ्यालाही लागते, आणि ही सोय आपण गमावू नये.

आता भावनेकडे. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी हा फरक ठामपणे मांडला आहे: भीती वाटल्याचं ठाऊक असणं ही भावनेची आठवण, ती हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाच्या आधाराने साठते. अपघाताच्या वेळी वाजलेला भोंगा पुन्हा ऐकताच तळहाताला घाम सुटणं ही भावनिक स्मृती, तिला अमिग्डला हा मेंदूतला दुसरा भाग लागतो. १९९५ साली मेंदूसंशोधक बेचारा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात एका ठरावीक रंगानंतर कर्कश भोंगा वाजे. अमिग्डला निकामी झालेली व्यक्ती कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे बरोबर सांगे, पण तो रंग दिसल्यावर त्वचेत घामामुळे होणारा कसलाच बदल होत नसे. हिप्पोकॅम्पस गमावलेल्या व्यक्तीचं नेमकं उलट. तेव्हा लेखात कुठला अर्थ अभिप्रेत आहे ते आधी तपासा. दोन्हींसाठी एकच शब्द ठेवलात तर हा प्रयोग मराठीत सांगताच येणार नाही.

प्रश्न: आणि ‘मनावर कोरली गेलेली घटना’?

उत्तर: बोलण्यात उत्तम, शास्त्रीय मजकुरात मी टाळेन. कोरलेलं बदलत नाही, असा त्यातून अर्थ निघतो. १९८६ साली अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. ती बातमी कशी कळली हे मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं. सुमारे अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा अनेकांचे तपशील पार बदलले होते, खात्री मात्र भक्कम. अशा आठवणीला ‘लख्ख’ म्हणावं. या शब्दात उजेड आहे, अचूकपणाची हमी नाही.