लिव्हरच्या साध्या गाठीला आयएचसी (अँटिबॉडी लावून तुकडा रंगवायची तपासणी) करायलाच हवी का?

वणीकर_पॅथो
मागच्या आठवड्यात ३४ वर्षांच्या एका शेतमजूर बाईंचा बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे आला. सोनोग्राफीत ४ सेंमीची गाठ, गर्भनिरोधक गोळ्या बरीच वर्षं चालू. आधीचा रिपोर्ट एका ओळीचा: 'साधी गाठ, कॅन्सर नाही.' कॅन्सर नव्हता हे खरंच. पण ही गाठ अडिनोमा, म्हणजे लिव्हरच्या पेशींची कॅन्सर नसलेली गाठ, आणि अडिनोमा म्हणजे एकच आजार नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने २००६-०७ च्या सुमारास त्याचे जनुकांवरून प्रकार पाडले, आणि ते बहुतांशी काचेवरच ओळखता येतात. एका प्रकारात एलएफएबीपी या प्रथिनाचा रंग गाठीत उतरतच नाही. त्यात कॅन्सरचा धोका कमी. दाहक प्रकार सीआरपी आणि एसएए या प्रथिनांचा रंग धरतो. तिसरा बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा. त्यात ग्लुटामिन सिंथेटेज, म्हणजे जीएस, गाठभर गडद दिसतं आणि बीटा-कॅटेनिन काही पेशींच्या केंद्रकात उतरतं. कॅन्सरकडे वळायची भीती याच प्रकारात जास्त.

या बाईंचं जीएस गाठभर गडद आलं, केंद्रकंही रंगली. 'साधी गाठ' म्हणून त्या घरी गेल्या असत्या. माझं म्हणणं: अडिनोमाची शंका आली की हे रंग लावायलाच हवेत.

तालुक्याचा_सर्जन
सर, तळमळ कळते, पण 'लावायलाच हवेत' हे पटत नाही. पुरुषात अडिनोमा असेल तर आकार न बघता काढायचा, बाईत गोळ्या बंद करून ६ महिन्यांनीही ५ सेंमीच्या वर राहिला तरी काढायचा. तिथे रंगाने माझा निर्णय काय बदलतो? बाईत लहान गाठ असेल तर गोळ्या बंद करायच्या आणि ६ महिन्यांनी एमआरआय. सुई घालताना रक्तस्राव होऊ शकतो, आणि सुईत गाठीचा कोणता कोपरा येईल ते आपल्या हातात नसतं. वर पाच अँटिबॉडींचा खर्च. कापूस विकल्याशिवाय पैसा हाती न येणाऱ्या घराला हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

राळेगावचा_पोरगा
मी डॉक्टर नाही जी. माह्या मायची गाठ काढली तवा बरणी माह्याच हाती देली अन् नागपूरले जा म्हणून सांगतलं. एसटीत मांडीवर घेऊन गेलो. तिथं कळलं का बरणीत नुसतं सलाइन होतं, तुकडा खराब झाला, आता रंग नीट धरत नाही. रंग कोणते लावाचे ते तुमी ठरवा, पन बरणीत काय टाकाचं ते तं पयले सांगा.

वणीकर_पॅथो
दादा, तुमच्यासोबत झालं ते व्हायला नको होतं. १० टक्के बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या निदान दहापट. आणि तुकडा त्यात आठवडाभर पडून राहिला तरी काही अँटिबॉडींचा रंग फिका येतो, म्हणून लवकर पोचवायचा.

सर्जनसाहेब, तुम्ही सांगितलेले नियम मान्य. पण युरोपच्या २०१६ च्या त्याच मार्गदर्शक सूचनांत बीटा-कॅटेनिनचा प्रकार सिद्ध झाला तर आकार न बघता काढा, असंही आहे. या बाईंची गाठ ४ सेंमीची. तुमच्या हिशोबाने ६ महिने थांबल्या असत्या. दुसरं, एफएनएचमध्ये, म्हणजे लिव्हरच्या दुसऱ्या एका निरुपद्रवी गाठीत, जीएस नकाशातल्या पट्ट्यांसारखं पसरतं. ते दिसलं तर बहुतेकदा ऑपरेशनच टळतं. त्या घराचा खर्च तिथेच वाचतो. बायोप्सी एकदा झालीच असेल तर पेशंटला हलवायची गरज नाही, ब्लॉकमधून कापलेल्या कोऱ्या स्लाइड पाठवल्या तरी चालतं.

तालुक्याचा_सर्जन
एफएनएचचा मुद्दा बिनतोड आहे. रेटिक्युलिन (पेशींभोवतीच्या धाग्यांच्या जाळीचा रंग) आणि जीएस आधी, बाकीचे त्यावर बघून, इतकं मी उद्यापासून करीन. पण रंगांसाठी म्हणून प्रत्येक लहान गाठीत सुई घालायची असा नियम केलात तर माझा विरोध राहीलच. पुढचा ब्लॉक तुमच्याकडेच पाठवतो. वय, गोळ्या, एमआरआय सगळं कागदावर लिहून.