मदत हवी आहे : १५ वर्षांच्या मुलाला युटातल्या निवासी केंद्रात पाठवावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा वर्षभरात पार बदललाय. गांजाचं वेप, शाळेला दांड्या, दोनदा रात्रभर बाहेर. एका सल्लागारांनी युटा राज्यातलं, अशा मुलांना घरापासून दूर ठेवून उपचार करणारं केंद्र सुचवलंय. फॉर्म टेबलावर पडून आहे. त्यात लिहिलंय, पहाटे दोन माणसं येऊन मुलाला झोपेतून उठवून नेतील, पालकांनी मध्ये पडू नये. ते वाचल्यापासून माझा डोळा लागलेला नाही.

किशोरवयात युटातल्या अशाच एका केंद्रात राहिलेल्या पॅरिस हिल्टन या सेलिब्रिटीने २०२१मध्ये युटाच्या आमदारांपुढे तिथले आपले हाल सांगितले, मग तिथला कायदा कडक झाला. मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांशी खाजगीत बोलू द्यावंच लागतं. डिसेंबर २०२४मधला देशपातळीवरचा कायदा मात्र मुख्यतः अशा केंद्रांची पाहणी-अभ्यास करण्यापुरताच आहे. सासरे म्हणतात, "आमच्या वेळी बोर्डिंगात घालायचेच की!" पण बोर्डिंगातून मुलं दिवाळीला घरी यायची हो.

कुणाचं मूल अशा ठिकाणी राहून आलंय का? परतल्यावर तुमच्याशी मोकळं बोलतं का? घरी राहून मल्टिसिस्टेमिक थेरपी (थेरपिस्ट घरी येऊन मुलासोबत सगळ्या कुटुंबाबरोबर काम करतात ती) कुणी घेतलीय? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मेसेज केलात तरी चालेल.