मदत हवी आहे: एसएनएमपीतून डिस्क आणि मेमरी दिसत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची वेबसाइट उबुंटू सर्व्हरवर एनजिनएक्सने (वेब सर्व्हर) चालते. गेल्या महिन्यात रात्रीतून लॉगने (नोंदींच्या फाइल्सनी) डिस्क गच्च भरली आणि साइट बंद पडली. सकाळी एका वाचक आजींचा फोन आला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. म्हणून आता एसएनएमपीने (नेटवर्कवरून मशीनची स्थिती विचारायची पद्धत) लक्ष ठेवायचं ठरवलंय.

एसएनएमपीडी (सर्व्हरवर ही माहिती देणारा प्रोग्राम) सुरुवातीला फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरतं, ऐकत होतं. ते बदललं, यूडीपी १६१ पोर्ट मॉनिटरिंगच्या मशीनपुरतंच उघडलं, व्हर्जन ३ चा युजर केला (जुन्या व्हर्जनमधली कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, उघड्यावर पाठवायची नाही, यावर मी ठाम आहे). आता एसएनएमपीवॉक (उपलब्ध माहिती ओळीने वाचणारी कमांड) चालवलं की सर्व्हरचं नाव येतं, अपटाइम येतो, पण डिस्क, मेमरी, लोड यांचा पत्ताच नाही. कॉन्फिगमध्ये 'सिस्टमओन्ली' व्ह्यू (काय दिसू द्यायचं याची यादी) आहे, त्यात .१.३.६.१.२.१.१ आणि .१.३.६.१.२.१.२५.१ हे माहितीच्या गटांचे क्रमांक एवढंच. घोळ तिथेच असावा.

सगळंच खुलं करायला मन धजत नाही. .१.३.६.१.२.१.२५ आणि .१.३.६.१.४.१.२०२१ जोडलं तर पुरेल का? आणि एनजिनएक्सची चालू कनेक्शन्स 'एक्स्टेंड'ने (आपल्या स्क्रिप्टचं उत्तर एसएनएमपीतून दाखवायची सोय) कोणी काढतंय का? तुमच्याकडची कॉन्फिगमधली ओळ जशीच्या तशी टाकलीत तरी खूप मदत होईल.