स्मरणिकेची पानं कशात लावायची? (बेळगावातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

प्रभाकर काका (सेक्रेटरी): मंडळी, चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला. मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे स्मरणिकेची पानं आपणच लावणार, छपाई तेवढी बाहेर. सॉफ्टवेअर कुठलं ते सांगा. खजिन्यात त्यासाठी दोन हजार आहेत. त्याच्यावर एक रुपया मागू नका.

सुनंदा वैनी: गेल्या वर्षीसारखं नको ओ काका. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं नि डॉलरची खूण! तीनशे प्रती आल्यावर कळलं.

प्रभाकर काका: जाहिरातवाले अजून मला तोंडावर बोलतात. शहापूरला गेलो की गल्ली बदलून येतो मी.

ओंकार: वर्डमध्येच करूया की. सगळ्यांकडे आहे.

निखिल: माझ्या मित्राकडे पेजमेकर ७ आहे. सीडी आणून देतो, फुकट.

प्रभाकर काका: ती सीडी कसली ते मला माहीत आहे. नोंदणीकृत सोसायटीच्या नावाखाली क्रॅक केलेलं काही नको.

मल्लिकार्जुन अण्णा: निखिल, ती खरी असली तरी उपयोग नाही बघ. खडेबाजारात मी चौदा वर्षं पेजमेकरवरच पोट भरलं, त्यामुळं त्याला नावं ठेवायला जीभ उचलत नाही. पण ७ ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. त्याला युनिकोड कळत नाही. गेल्या वर्षीचं दुखणं नेमकं तेच होतं. जुन्या फॉन्टात 'क' असा काही नसतोच. आत एखादं इंग्रजी अक्षर असतं, वर मराठीचा मुखवटा. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळला. युनिकोडात फॉन्ट बदलला तरी क हा क च राहतो. म्हणून किंमत नंतर बघा. पहिला प्रश्न एकच, अक्षरं जोडतंय का? आपल्याला मराठी नि कन्नड दोन्ही लावायचंय. मराठीचा रफार नि कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली जोडलेलं अक्षर, जिथं नीट बसत नाही, ते फुकट मिळालं तरी महागच.

ओंकार: वर्डमध्ये जोडतंय की अण्णा.

मल्लिकार्जुन अण्णा: जोडतंय, नाही कुठं म्हणालो? पण एका पानावर सहा जाहिराती बसव, वरची एक अर्धा इंच हलव, आणि मग खालचा मजकूर कुठं पळतो ते मला फोटो काढून पाठव.

नेहा (सी-२०४): मी पुण्यात हेच काम करते, म्हणून सांगते. ऑफिसात आम्ही इनडिझाइन वापरतो. त्यात देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडावी लागते, मग अक्षरं छान जुळतात. पण त्याला दर महिन्याला पैसे भरावे लागतात, वर्षातून एका अंकासाठी कशाला? मायक्रोसॉफ्ट पब्लिशर शिकू नका, येत्या ऑक्टोबरमध्ये त्याचा सपोर्ट बंद होतोय. ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये विकत घेतलं नि २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट केलं, दिसायलाही देखणं आहे. पण आपल्या लिप्यांच्या जोडाक्षरांबाबत ते वर्षानुवर्षं मागेच राहिलं. कन्नड-मराठी अंक त्याच्या भरवशावर मी तरी नाही टाकणार. माझं मत स्क्रायबस. फुकट, विंडोज नि लिनक्स दोन्हींवर चालतं, छपाईच्या चार रंगांतली (सीएमवायके) पीडीएफ देतं. फक्त १.६ किंवा त्याच्या पुढचंच घ्या. जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं सुटी पडतात, नि लोक तेच टाकून 'स्क्रायबसात मराठी येत नाही' म्हणतात.

ओंकार: टाकलं. मेनू बघून वाटालंय मी पहिलीत असताना कुणीतरी बनवलंय.

नेहा: दिसण्यावर जाऊ नकोस 😄 मराठीला नोटो सेरिफ देवनागरी घे, कन्नडला नोटो सेरिफ कन्नड. दोन्ही फुकट, एकमेकांशेजारी शोभतात. दोघांची स्टाइल वेगळी कर आणि मग मजकूर ओत.

मल्लिकार्जुन अण्णा: आधी ही ओळ लावून दाखव गा. 'दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांनी स्पर्धेतल्या विद्यार्थ्यांना श्रीखंड वाढलं.' कन्नडची ओळ खाली येऊन माझ्याकडून घेऊन जा.

सुनंदा वैनी: आचारी कशाला मध्येच?

मल्लिकार्जुन अण्णा: वैनी, तीन वर्षांमागं महाप्रसादाच्या आभारात 'आचार्यांचे आभार' छापलं होतं, आठवतंय? भात करणारा माणूस मठाधिपती झाला. 'ऱ्य' नि 'र्य' मधला फरक ज्याला दाखवता येत नाही ते आपल्या कामाचं नाही.

ओंकार: (फोटो) बघा. घरच्या प्रिंटरवर काढलंय.

मल्लिकार्जुन अण्णा: चष्मा लावून बघितलं. आचारी आचारीच आहे. 'स्पर्धेत'चा रफार बरोबर ध वर. कन्नडचं ओत्तक्षर पण खाली बसलंय. पास.

प्रभाकर काका: म्हणजे खर्च शून्य?

मल्लिकार्जुन अण्णा: त्या दोन हजारातून पक्क्या छपाईआधी प्रेसकडून एक कागदी प्रूफ काढून घ्या. आणि आतली पानं एकरंगी आहेत ना? मग मजकूर निव्वळ काळ्यात ठेव ओंकार. चार रंग मिसळून केलेला काळा बारीक अक्षरात जरा सरकला की कडेला रंग दिसतो. कडेपर्यंत जाणारा फोटो तीन मिलिमीटर बाहेर सोड, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते.

ओंकार: एकूण २६ पानं होतायत.

मल्लिकार्जुन अण्णा: मधे पिन मारायची तर चारच्या पटीत लागतात. २८ कर.

सुनंदा वैनी: मग उरलेली दोन पानं माझी. एकावर कुंद्याची कृती, एकावर मांड्यांची.

प्रभाकर काका: मंजूर. पण सगळ्यांनी मजकूर मोबाइलवर मराठीत टाइप करून पाठवायचा. वहीचे फोटो घेतले जाणार नाहीत.

सुनंदा वैनी: (फोटो) (फोटो) (फोटो)

सुनंदा वैनी: ओंकार, वेलची किती ते तिसऱ्या फोटोत कडेला लिहिलंय बघ.