साकुराबा: ठरवलेल्या कुस्तीतून आलेला खरा लढवय्या?

आखाडाप्रेमी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मातीतल्या कुस्त्या पाहत वाढलो, त्यामुळे ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो त्या प्रो रेसलिंगकडे मी कधीच गांभीर्याने पाहिले नाही. मात्र गेल्या महिन्यात जपानमधील प्राइड या मिश्र युद्धकलेच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती सारेच चालणाऱ्या) स्पर्धेच्या जुन्या चित्रफिती पाहताना काझुशी साकुराबा हे नाव वारंवार समोर आले आणि हा माणूस मूळचा प्रो रेसलर आहे हे कळल्यावर मी चकित झालो. माझे दोन प्रश्न आहेत. ठरवलेल्या लढती करणाऱ्या माणसाकडे ब्राझिलियन जुजुत्सू ही जमिनीवरच्या पकडींची विद्या रुजवणाऱ्या ग्रेसी घराण्यातल्या मल्लांना हरवण्याइतकी खरी विद्या आली कुठून? आणि मिश्र युद्धकलेच्या लढतींत ज्याच्या नावावर २६ विजयांबरोबर १७ पराभवही आहेत, त्याला २०१७ साली यूएफसी या अमेरिकी मिश्र युद्धकला संस्थेच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानकऱ्यांच्या यादीत) कोणत्या निकषावर घेतले?

योकोहामावासी

पहिल्या प्रश्नातच थोडी गफलत आहे. निकाल ठरलेला असला, तरी तो अंगावर घेणाऱ्या मल्लाला कुस्ती येत नसते असे नाही. अकिता प्रांतात १९६९ साली जन्मलेला साकुराबा चुओ विद्यापीठाच्या संघातून रीतसर ऑलिम्पिक पद्धतीची कुस्ती खेळलेला होता आणि १९९२ मध्ये तो यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या संस्थेत दाखल झाला. तेथील लढतींचेही निकाल ठरलेले असत, परंतु दोरांवरून उड्या मारण्याऐवजी पकडी, लाथा आणि सांधे मुरगाळण्याचे डाव यांवर भर असे. शिवाय ब्रिटनमधील विगन येथील प्रसिद्ध तालमीत घडलेले बिली रॉबिन्सन हे तेथे वस्ताद होते. म्हणजे संध्याकाळी प्रेक्षकांसमोर जे होई ते ठरलेले, आणि दिवसा तालमीत जे होई ते अगदी खरे.

या संस्थेची अडचण अशी झाली, की आपले मल्ल सर्वांत बलवान आहेत असा तिचा दावा होता आणि तो तपासणारे लोक निघाले. डिसेंबर १९९४ मध्ये तिचा योजी आंजो हा मल्ल लॉस एंजेलिसला रिक्सन ग्रेसी यांच्या तालमीत आव्हान द्यायला गेला आणि रक्तबंबाळ होऊन परतला. पुढे ११ ऑक्टोबर १९९७ रोजी टोकियो डोममध्ये, पहिल्याच प्राइड स्पर्धेत, संस्थेचा एकेकाळचा प्रमुख तारा नोबुहिको ताकादा रिक्सन यांच्यासमोर पाच मिनिटेही टिकला नाही. जपानमध्ये त्या काळी प्रो रेसलर म्हणजे नुसता नट, असे उघडपणे बोलले जाऊ लागले.

त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, २१ डिसेंबर रोजी, योकोहामा अरेनामध्ये यूएफसीची स्पर्धा झाली. साकुराबा तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता आणि तो उतरला हेवीवेट गटात, स्वतःहून कितीतरी वजनदार असलेल्या मार्कस सिल्व्हेरा या ब्राझिलियन जुजुत्सूच्या ब्लॅक बेल्टधारकासमोर. हा प्रसंग मुद्दाम हळू गतीने पाहा. सिल्व्हेरा ठोसे मारत पुढे येतो, साकुराबा एकदम खाली वाकतो आणि एकेरी पट काढायला पायाकडे झेपावतो. पंचांना मात्र तो बेशुद्ध होऊन कोसळला असे वाटते आणि ते लढत थांबवतात. साकुराबा उठून हातवारे करीत निषेध नोंदवतो आणि जागचा हलत नाही. अखेर चित्रफीत पाहून तो निकाल रद्द करण्यात आला, आणि त्याच रात्री दोघांची पुन्हा गाठ पडली तेव्हा साकुराबाने चौथ्या मिनिटाला सिल्व्हेराचा हात लांबवून कोपराला कुलूप लावले आणि त्याला हार मान्य करायला लावली. ध्वनिक्षेपक हातात आल्यावर तो म्हणाला, की प्रो रेसलर खरे तर बलवान असतात. दहा आठवड्यांच्या अपमानाला दिलेले ते उत्तर होते.

जुना_वस्ताद

वरील माहितीत आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट जोडतो. जपानी प्रो रेसलिंगच्या तालमींत जो बैठकांचा धडाका असतो तो थेट आपल्याकडचा आहे. विगनच्याच तालमीत शिकलेले कार्ल गॉच यांनी भारतीय मल्लांचे जोर आणि बैठका उचलल्या आणि जपानमध्ये शिकवताना शिष्यांकडून त्या शेकड्यांनी काढून घेतल्या. तिकडे त्यांना आजही 'हिंदू स्क्वॉट' असेच म्हणतात.

दुसरी गोष्ट डावाची. साकुराबाचा हुकमी डाव म्हणजे जगभर 'किमुरा' नावाने ओळखली जाणारी पकड. एका हाताने समोरच्याचे मनगट धरायचे, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून कोपराखालून आपलेच मनगट पकडायचे, आणि मग तो संपूर्ण हात पाठीच्या दिशेने वर फिरवायचा. खांदा किंवा कोपर यांपैकी एक काहीतरी जातेच. ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांनी १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियमवर एलियो ग्रेसी यांचा हात याच पकडीने मोडला, म्हणून ग्रेसी घराण्यानेच तिला हे नाव दिले. विगनचे मल्ल मात्र ती 'डबल रिस्टलॉक' या नावाने आधीपासून वापरत होते आणि साकुराबाकडे ती त्या वाटेने आली. त्यामुळे त्याने एलियो यांच्या मुलावर हीच पकड लावली तेव्हा जपानी प्रेक्षकांना काय वाटले असेल, हे आपल्यासारख्या डाव ओळखणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

योकोहामावासी

तो मुलगा म्हणजे रॉयलर ग्रेसी, तारीख २१ नोव्हेंबर १९९९. दुसऱ्या फेरीत दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना पंचांनी लढत थांबवली. रॉयलरने हार मानलेली नव्हती, म्हणून ग्रेसी मंडळींनी आक्षेप घेतला, आणि १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये रॉइस ग्रेसी उतरला तो स्वतःच्या अटी घेऊन: फेऱ्यांना मर्यादा नाही, पंचांना लढत थांबवण्याचा अधिकार नाही. साकुराबाने अट मान्य केली आणि रिंगमध्ये येताना स्वतःसारखेच मुखवटे घातलेले दोन साथीदार बरोबर आणले, म्हणजे तिघांपैकी साकुराबा कोणता हे रॉइसला कळू नये. एवढ्या गंभीर लढतीआधी अशी थट्टा फक्त प्रो रेसलरच करू जाणे.

पंधरा मिनिटांची एक, अशा सहा फेऱ्या झाल्या. आपले जाकीट हे ग्रेसींचे हत्यार असते, परंतु साकुराबाने तेच ओढून धरून रॉइसला अडकवले आणि लांबून त्याच्या मांडीवर लाथांचा मारा चालू ठेवला. नव्वद मिनिटांनंतर रॉइसच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या साथीदारांनी हार मान्य केली.

आखाडाप्रेमी

आभारी आहे. तरीही एक शंका राहते. रॉयलर वजनाने साकुराबापेक्षा बराच हलका होता ना? आपल्याकडे अशी जोड लावली असती तर मैदानातल्या लोकांनीच पंचांना धारेवर धरले असते.

निवृत्त_ग्रंथपाल

शंका रास्त आहे; त्या विजयाला वजनाच्या फरकाचे गालबोट आहे हे मान्य करायला हवे. परंतु हाच न्याय उलट बाजूलाही लावा, म्हणजे १७ पराभवांचे कोडे बरेचसे सुटते. रॉइसबरोबरची नव्वद मिनिटे संपल्यावर साकुराबा त्याच रात्री इगोर वोव्हचांचिन या युक्रेनियन हेवीवेट मल्लाशी आणखी पंधरा मिनिटे लढला आणि जादा फेरीआधी साकुराबाच्याच बाजूने टॉवेल टाकला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने रेंझो ग्रेसीचे कोपर त्याच किमुरा पकडीने निखळवले, तेव्हा लढत संपायला १७ सेकंद उरले होते. माझ्या मते हा त्याच्या कारकिर्दीचा कळस होता, कारण रेंझोही तोडीस तोड लढला होता.

२००१ च्या मार्चपासून प्राइडने जमिनीवर असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर लाथा आणि गुडघे मारण्याची मोकळीक दिली, आणि त्याच स्पर्धेत वांडरले सिल्वाने साकुराबाला ९८ सेकंदांत संपवले. त्याच वर्षी दुसऱ्या लढतीत सिल्वाने आपटल्यामुळे त्याचा खांदा जायबंदी झाला, आणि २००३ मध्ये तिसऱ्यांदा तो थेट बेशुद्ध पडला. मध्ये २००२ साली मिर्को क्रो कॉपने त्याच्या डोळ्याखालचे हाड मोडले. तिकिटे त्याच्या नावावर खपत होती, म्हणून आयोजक त्याला मोठमोठ्या अंगाच्या मल्लांसमोर उभे करीत राहिले आणि तो नाही म्हणत नव्हता. यात दोष कोणाचा यावर मतभेद होतील. मी तरी आयोजकांना माफ करीत नाही. २००६ मध्ये केस्टुटिस स्मिर्नोवासविरुद्ध तो ठोशांनी जवळपास शुद्ध हरपला होता, पंचांनी लढत थांबवली नाही, आणि नंतर त्याने हाताला कुलूप लावून ती जिंकली. लोक या विजयाचे कौतुक करतात, मला मात्र तो पाहवत नाही. पराभवांची मोठी रांग यानंतर लागली, ती २०१५ च्या डिसेंबरात शिन्या आओकीविरुद्ध वयाच्या ४६ व्या वर्षी त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकेपर्यंत.

हॉल ऑफ फेमचा निकष पराभव मोजून लावलेला नाही. ग्रेसी घराण्यातल्या चौघांना (चौथा रायन) वर्षभराच्या आत-बाहेर हरवणारा दुसरा कोणी झालेला नाही, एवढे पुरेसे आहे.

आपण चित्रफिती पाहतच आहात, तर आधी योकोहामाच्या दोन्ही लढती पाहा, मग रेंझोची. सिल्वाची तिसरी लढत वगळली तरी चालेल. आणि प्रो रेसलिंगबद्दलची अढी काढायची असेल, तर ४ जानेवारी २०१३ ची टोकियो डोममधील शिन्सुके नाकामुराविरुद्धची लढत पाहा. ती ठरलेली आहे, साकुराबा तीत हरतो, आणि किमुराची पकड तेथेही लावतो.