आईचा सोरायसिस : मेथोट्रेक्सेट आणि आखडलेली बोटं, अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

आई ५८ वर्षांची, सोरायसिस (त्वचेवर कोंडा सुटणारे चट्टे उठण्याचा रोग) नऊ वर्षांपासून. आधी कोपरं, गुडघे आणि डोक्यात होता, यंदा तळहातांवर उतरलाय. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घातलं की भेगा झोंबतात, म्हणून भाकरी थापणं बंद झालंय. खुर्चीवरून उठली की कुणी बघायच्या आत खालचा पांढरा कोंडा ओल्या फडक्याने टिपून घेते. तेव्हा फार वाईट वाटतं. यंदा शेजारी हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, प्रतिकारशक्ती बिघडून त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी चार-पाच दिवसांत वर येतात, हे किती जणांना सांगायचं?

मागच्या वर्षी ओळखीतून बिनलेबलच्या पुड्या आणल्या. दोन महिन्यांत चट्टे साफ! पुड्या थांबवल्यावर मात्र दुपटीने उठले. त्यात स्टेरॉइड असणार, असं त्वचेचे डॉक्टर म्हणाले. त्यामुळे कृपया पुड्या, काढे सुचवू नका.

आता मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) सुरू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी. सोमवारी फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकीट माझ्याच कपाटात असतं. पाचवा आठवडा चालू आहे. रक्ताचे आणि लिव्हरचे रिपोर्ट ठीक आहेत. कोपरांवरचे चट्टे पातळ झालेत, तळहात जैसे थे. आई म्हणते, गुण नाही, बंद कर. तळहातांना फरक पडायला तुम्हाला किती वेळ लागला?

जास्त काळजी वेगळीच आहे. सकाळी तासभर तिची बोटं आखडलेली असतात, अंगठी निघत नाही. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आलेत. सोरायसिसमुळे सांधेही धरतात आणि उपचाराला उशीर झाला तर कायमचे वाकडे होऊ शकतात, असं वाचलं. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोवर थांबावं की आधीच संधिवाततज्ज्ञांना दाखवावं?

डॉक्टर नॅरोबँड यूव्हीबीचा (ठराविक अतिनील किरणांचा) शेकही सुचवतात, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा ६० किलोमीटर जावं लागेल. एवढी धावपळ करून कुणाला फायदा झालाय का?

आणि पिठात हात घालण्याआधी तुम्ही काय लावता? भांड्यांना ती सुती हातमोज्यांवर रबरी मोजे चढवते, पण ते घालून भाकरी थापता येत नाही.